एकाच लाकडाचा कामठा: दिवाळीनंतर तोड, मृगाआधी दोरी

कोल्हापुरात कामठा, म्हणजे धनुष्य, करायचा तर हत्यारांच्या आधी कॅलेंडर बघावं लागतं. लाकूड तोडायचं दिवाळी ते संक्रांत या दोन-अडीच महिन्यांत. वाळवायचं होळी-पाडव्यापर्यंत. बाक काढायचा, म्हणजे कामठा सारखा वाकेल असं लाकूड उतरवायचं, ते चैत्र-वैशाखाच्या कोरड्या हवेत, आणि तेलपाणी मृगाच्या आत उरकायचं. एकदा पाऊस लागला की शहरातसुद्धा कपाटातल्या चपलांना बुरशी येते, गगनबावडा-राधानगरीकडचं तर बोलायलाच नको. त्या हवेत वाळलेलं लाकूडही पुन्हा पाणी ओढतं. ओलसर लाकूड वाकवलं की वाकलेलंच राहतं. मोडलेल्या आणि मेंगळट झालेल्या कामठ्यांची कारणं शोधत गेलं तर निम्मी कारणं ओढण्यात नसतात, लाकूड निवडण्यात आणि वाळवण्यात सापडतात. म्हणून या लेखात त्या दोन गोष्टींना आणि बाक काढण्याला जास्त जागा दिली आहे. मूठ कशी सजवायची वगैरे गोष्टी ज्याच्या त्याच्या हौसेवर सोडल्या आहेत.

इथे जो कामठा घडवायचा आहे तो ६६ इंच लांब, एकाच लाकडातला, ताठ मुठीचा आणि चपट्या पात्यांचा. २६ इंच ओढल्यावर ३५ पौंड ताण. पहिल्याच खेपेला ५०-६० पौंडांचा हट्ट धरू नका. जड कामठ्यात बारीकशी चूकही माफ होत नाही, आणि तो ओढायला खांदा तयार नसेल तर भिंतीवर टांगण्यापलीकडे त्याचा उपयोग होत नाही.

काही शब्द आधी ठरवून घेऊ. मुठीच्या वर आणि खाली वाकणारे दोन भाग म्हणजे पाती. तिरंदाजीच्या मैदानावर त्यांना लिम्ब म्हणतात. कामठ्याची जी बाजू निशाणाकडे असते ती पाठ, आणि ओढणाऱ्याच्या तोंडाकडे असते ते पोट. ओढताना पाठ ताणली जाते आणि पोट दाबलं जातं. पाठीला हत्यार लावायचं नाही, सगळं काम पोटाकडून करायचं. मापं सुतारकामाच्या सवयीने इंच आणि सुतात दिली आहेत. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, साधारण ३ मिलिमीटर.

लाकूड

पहिली पसंती धामणीला. संस्कृतात तिला धनुर्वृक्ष म्हणतात ते उगाच नाही. लाकूड चिवट, लवचिक आणि लांब सरळ रेषांचं. कुऱ्हाडीचे दांडे, कावडीचे दांडे याच लाकडाचे करतात, कारण ते वाकून परत सरळ होतं. राधानगरी, भुदरगड, आजरा, गगनबावडा या पट्ट्यात शेताच्या बांधावर धामण मिळते. मालकाला विचारून आणि तोडीची परवानगी लागते का याची चौकशी करूनच घ्या. अभयारण्यातून किंवा वनखात्याच्या जमिनीतून फांदीसुद्धा आणायची नाही.

दुसरी बाभूळ. शिरोळ-हातकणंगलेच्या बाजूला ती सहज मिळते. गाड्याची चाकं आणि औतं ज्या लाकडाची होतात ते दाब सोसण्यात कमी पडत नाही. अडचण एकच, सहा फूट सरळ आणि बिनगाठीची बाभूळ म्हणजे नशिबाचा भाग. साडेतीन फुटी दोन स्वच्छ तुकडे मिळाले तर मुठीत इंग्रजी डब्ल्यूच्या आकाराचा सांधा पाडून जोडता येतात, पण ते काम दुसऱ्या-तिसऱ्या कामठ्याला ठेवा.

निलगिरी दिसायला सरळ असते, पण आतून रेषा पिळलेल्या असतात. सुरूचं लाकूड वाळताना भेगाळतं. चिंचेच्या रेषा एकमेकींत अशा गुंतलेल्या असतात की ती पाचरीने धड फुटतच नाही. टिंबर मार्केटमधली कापीव पट्टी घ्यायचीच असेल तर पाठीवरच्या आणि कडेच्या रेषा या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग जातात का ते बघा. एखादी रेष मध्येच कडेबाहेर निघून गेली असेल तर कामठा तिथूनच सुटणार. करवतीला रेषा कळत नाही, पाचरीला कळते. म्हणून चिरून घेतलेल्या लाकडापेक्षा फोडून घेतलेलं कधीही बरं.

ज्याला कशाचाच भरवसा वाटत नाही त्याने आधी बांबूवर हात बसवावा. बुरूड गल्लीत जाऊन जाड भिंतीचा, निदान दोन-तीन वर्षांचा पक्का बांबू मागा. माणगा जवळजवळ भरीव असतो, तोही चालतो. त्याची हिरवी चकचकीत साल पाठीला ठेवायची, आतला मऊ भाग पोटाकडून काढत जायचा, पेरं पाठीवरून तासायची नाहीत. बाक काढण्याची रीत पुढे लाकडाची सांगितली आहे तीच.

झाड निवडताना खोड ५ ते ६ इंच व्यासाचं, सहा फूट सरळ, फांद्या नसलेलं हवं. सालीवरच्या भेगा नीट बघा. त्या सरळ वर जात असतील तर आतल्या रेषाही सरळ. भेगा जिन्यासारख्या फिरत वर जात असतील तर झाड सोडून द्या, कितीही देखणं असलं तरी. उतारावर किंवा कललेल्या झाडाचं लाकूड एका बाजूने ताणलेलं असतं, फोडल्यावर चिरफळी आपोआप वाकते.

अमावस्येच्या तोंडावर तोडलेल्या लाकडाला कीड लागत नाही असं गावोगाव सांगतात. तिथीचं काय ते असो, थंडीत तोडण्याचा फायदा मात्र नक्की आहे. हवा कोरडी असल्याने ओंडका बुरशी न धरता सावकाश वाळतो आणि पुढचा सगळा उन्हाळा हाताशी राहतो.

फोडणं आणि वाळवणं

तोडल्यावर ओंडक्याच्या दोन्ही टोकांना त्याच दिवशी ऑइलपेंट किंवा फेव्हिकॉलचे दोन जाड हात द्या. पाणी टोकांकडून सर्वांत वेगाने उडतं. टोकं उघडी राहिली तर दुसऱ्या दिवशी सकाळी चांदणीसारख्या चिरा पडलेल्या दिसतात आणि दोन्हीकडची चार-चार इंचं वाया जातात.

फोडायला दोन लोखंडी पाचरी, एक-दोन लाकडी पाचरी आणि घण पुरतो. टोकाला मधोमध पाचर बसवा, चीर पुढे सरकेल तशी दुसरी पाचर तिच्या पुढे. घाई केली की चीर एका बाजूला पळते आणि एक चिरफळी जाड, दुसरी पातळ होते. सहा इंची खोडातून चार चिरफळ्या निघतात. त्यातली सगळ्यांत सरळ एक कामठ्याला, दुसरी राखीव. उरलेल्या दोन्हींवर हत्यारं चालवून हात बसवा.

आता साल. थंडीत साल लाकडाला घट्ट चिकटलेली असते. विळ्याची धार न लावता विळ्याच्या पाठीने किंवा बोथट पात्याने ती खरवडा. सालीखालचा जो पहिला गुळगुळीत थर लागेल तीच कामठ्याची पाठ. तो थर झाडाने स्वतः घडवलेला, कुठेही न तुटलेला असतो. तिथे पात्याचा एक खोल चरा गेला तर ओढताना नेमकी तिथूनच चिंधी उठते. साल निघाल्याबरोबर पूर्ण पाठीवरही फेव्हिकॉलचा हात द्या. पोट उघडं ठेवा, पाणी तिकडून निघू दे.

अख्खी चिरफळी वाळायला वर्ष लागतं. तेवढा धीर नसेल तर ओलीच असताना वाकसाने ढोबळ आकार काढून घ्या: रुंदी अडीच इंच, जाडी सव्वा इंच, मूठ दोन इंच जाड. मग ती सरळ फळीला चार ठिकाणी सुतळीने आवळून घराच्या आत, सावलीत आडवी ठेवा. पत्र्याखाली किंवा गच्चीवर नको. असं लाकूड तीन महिन्यांत कामाला येतं. डिसेंबरचं मार्चअखेर.

वाळलं की नाही हे बोट लावून कळत नाही, वजनाने कळतं. दर रविवारी किराणा दुकानाच्या काट्यावर वजन करून लाकडावरच पेन्सिलीने लिहा. सुरुवातीला आठवड्याला शंभर-दोनशे ग्रॅम घट दिसते, मग ती कमी कमी होते. सलग दोन आठवडे काटा हलला नाही की बाहेरच्या हवेशी लाकडाचं जमलं. नेमकं माप हवं असेल तर त्याच लाकडाचा एक ढलपा तोला, १०५ अंशांच्या ओव्हनमध्ये वजन घटायचं थांबेपर्यंत ठेवा आणि पुन्हा तोला. समजा ५६ ग्रॅमचे ५१ झाले. घट ५, तिला कोरड्या वजनाने म्हणजे ५१ ने भागा, सुमारे १० टक्के ओल. ८ ते ११ च्या मध्ये काम करायचं. १४-१५ टक्क्यांवर केलेला कामठा पहिल्याच दिवशी तीन इंच वाकून बसतो. ५ टक्क्यांच्या खाली गेलेलं लाकूड उलट ठिसूळ होतं आणि आवाज करून तुटतं.

काम लांबून जून उजाडलाच तर प्लायवूडच्या लांब पेटीत ६० वॉटचा जुना पिवळा बल्ब लावून आत ४० अंशांच्या आसपास ऊब ठेवा. बल्ब आणि लाकूड यांत निदान फूटभर अंतर हवं. एलईडी तापत नाही, तो चालत नाही.

वाळवताना किंवा नंतर कडेजवळ पिठासारखा भुसा दिसला तर किडा लागला आहे. बाभळीच्या बाहेरच्या पांढऱ्या लाकडाला तो हमखास लागतो. ती चिरफळी बाकीच्यांपासून लगेच दूर करा.

आखणी

पाठीवर मध्यरेषा आखायची. दोन्ही टोकांना खिळा मारून सूत ताणा आणि रेष उमटवा. रेषा थोड्या नागमोडी असतील तर मध्यरेषाही त्यांच्याबरोबर नागमोडी जाऊ द्या. पट्टीने सरळ रेघ मारून रेषा कापण्यापेक्षा किंचित वाकडा पण अखंड रेषांचा कामठा टिकतो.

लांबी ६६, म्हणजे मध्य ३३ वर. मध्याच्या दोन्ही बाजूंना २-२ इंच मिळून ४ इंचांची मूठ. तिच्या पुढे २-२ इंच उतार, तिथे जाड मूठ हळूहळू पातळ पात्यात उतरते. उरलेलं प्रत्येकी २९ इंचांचं पातं वाकणार. कामठ्याची लांबी ओढीच्या दुपटीपेक्षा १२-१४ इंच जास्त ठेवायची हा ठोकताळा लक्षात ठेवा. २८ इंच ओढणाऱ्या उंच माणसाला ६८ ते ७० इंच लागतील.

रुंदी उतार संपतो तिथे १४ सूत, म्हणजे पावणेदोन इंच. ती पात्याच्या निम्म्यापर्यंत तशीच ठेवा, तिथून टोकापर्यंत सरळ निमुळती. टोकं शेवटी ४ सुतांची होणार, पण आत्ता ६ सूत राहू द्या. पुढे दोरी मुठीच्या एका बाजूला पडली तर टोक एका अंगाने कापून ती मध्यावर आणता येते. आधीच बारीक केलं तर तो मार्ग बंद होतो. मूठ ९ सूत रुंद, दीड इंच खोल.

जाडी उताराच्या शेवटी ६ सूत, टोकाला ५ सूत, अशी कडेवर पेन्सिलीने आखा. हे सुरुवातीचं माप. तयार कामठ्यात मुठीजवळ चार-साडेचार सूत उरतं. प्रत्येक लाकूड वेगळं, त्यामुळे शेवटचं माप कुणी सांगत असेल तर त्यावर विसंबू नका. एक गोष्ट मात्र पक्की: ताठरपणा रुंदीच्या सरळ प्रमाणात असतो, पण जाडीच्या घनाच्या प्रमाणात. पाच सुतांची जाडी चार सूत केली की ताठरपणा जवळपास निम्म्यावर येतो. म्हणूनच सुरुवातीला वाकस, मग रंधा, मग कानस आणि शेवटी नुसतं खरवडणं. जसजसं माप जवळ येईल तसतसं हत्यार हलकं करत जायचं.

पाठीवर गाठ असेल तर ती सपाट करू नका. गाठीभोवती रेषा जशा वळसा घालतात तसा छोटा उंचवटा ठेवा आणि त्या जागी कडेने एक-दीड सूत जास्त रुंदी सोडा.

बाक काढणं

या कामाला घाई सोसत नाही. दोन संध्याकाळी मोकळ्या ठेवा, आणि हातात चहाचा कप असताना कानस उचलू नका.

पहिली चाचणी जमिनीवर. एक टोक पायाजवळ फरशीवर टेकवा, मूठ धरा आणि दुसऱ्या हाताने पात्याच्या मध्यावर दाबा. इंचभर वाकताना दिसलं पाहिजे. दोन्ही पाती तुम्हाला सारखी वाटेपर्यंत पोटाकडून कानस चालवा.

मग खाचा. टोकापासून ६ सूत आत, दोन्ही कडांना, ४ मिलिमीटरच्या गोल कानशीने ४५ अंश तिरप्या आणि एक सूत खोल. खाच फक्त कडेला. पाठीवरून आडवी खाच नेली तर टोक तिथून उडतं.

आता भिंतीवरची फळी. पाच-साडेपाच फुटांची जाड फळी उभी ठोका. वरच्या टोकाला मूठ बसेल अशी खोबण करा आणि तिला कातड्याचं अस्तर लावा. कोल्हापुरी चपला करणाऱ्यांकडे बाभळीच्या सालीत कमावलेल्या कातड्याचे तुकडे मिळतात. तेच पुढे मुठीलाही गुंडाळता येतील. खोबणीपासून खाली इंचाच्या खुणा करा. फळीच्या तळाशी कप्पी, तिच्यातून दोर आठ-दहा फूट लांब न्या, आणि दोर व दोरी यांच्यामध्ये सामान तोलायचा डिजिटल काटा अडकवा. ३५ पौंड म्हणजे जवळपास १६ किलो. उभं राहायचं कामठ्याच्या समोर, दोर हातात, डोळ्यांवर चष्मा. कामठ्याच्या खाली किंवा शेजारी कोणीही उभं राहू नये. तुटलेलं पातं तुकडे घेऊन कुठेही जातं.

सुरुवातीला कामठ्याच्या लांबीएवढी सैल दोरी लावा. काटा १० पौंड दाखवेपर्यंत ओढा, सोडा, असं वीस-पंचवीस वेळा. मग ओढून धरा, दोर खुंटीला अडकवा आणि लांब जाऊन बघा. पातं कुठे सपाट राहतंय, कुठे कोपरासारखं मोडतंय? दोन पात्यांपैकी कोणतं कमी वाकतंय? मोबाइलवर फोटो काढून त्यावर दोन्ही टोकांतून आडवी रेघ मारली की डोळ्यांना न दिसलेला फरक लगेच दिसतो.

फोटोहून अचूक एक घरगुती साधन आहे. सहा इंच लांब, इंचभर रुंद सपाट लाकडी पट्टी घ्या. मधोमध भोक पाडून त्यात पेन्सिलीचा तुकडा घट्ट बसेल असा घाला. कामठा ओढलेल्या अवस्थेत पट्टी पोटावर ठेवा. पोट आत वळलेलं असल्याने पट्टीची दोन टोकं टेकतात आणि मध्ये फट राहते. जिथे बाक सगळ्यांत जास्त आणि चांगला आहे तिथे पेन्सिलीचं टोक लाकडाला टेकायला केसभर कमी पडेल असं सरकवून ठेवा. आता पट्टी उतारापासून टोकाजवळच्या सहा इंचांपर्यंत सरकवत न्या. जिथे पेन्सिल घासून रेघ उमटते तिथे पातं सपाट आहे, तिथूनच लाकूड काढायचं. जिथे रेघ नाही तिथे हात लावायचा नाही. दोन्ही पाती झाली की कामठा उतरवा आणि रेघ पुसली जाईपर्यंत हलकेच खरवडा. मोडक्या हॅक्सॉ ब्लेडची किंवा काचेच्या तुकड्याची सरळ कड यासाठी उत्तम. काच हातात धरण्याआधी मागच्या बाजूला कापड गुंडाळा.

प्रत्येक खरवडण्यानंतर पुन्हा वीस-पंचवीस वेळा, आधी गाठलेल्या ओढीपर्यंत वाकवा. लाकडाला बदल लगेच कळत नाही. आज पंधरा हात मारले आणि काही फरक दिसला नाही म्हणून आणखी तीस मारले की दहा मिनिटांनी सगळा फरक एकदम दिसतो, आणि तेव्हा परतीचा रस्ता नसतो.

दोन बंधनं पाळा. पहिलं, ३५ पौंडांचा कामठा करायचा तर कोणत्याही टप्प्यावर काट्याने ३५ ओलांडायचे नाहीत. सैल दोरीवर टोकं सहा इंच खाली येईपर्यंतच ३५ झाले तर लाकूड अजून जाड आहे. बाक सारखा ठेवत जाडी उतरवा. दुसरं, बाकात दोष दिसत असताना पुढचा इंच ओढायचा नाही. दोष असलेल्या जागी सगळा ताण गोळा होतो आणि तिथलं लाकूड कायमचं थकतं.

टोकं आठ इंच खाली येऊ लागली की सैल दोरी काढा आणि मूठ व दोरी यांत दोन-तीन इंच फट राहील अशी आखूड दोरी चढवा. इथे पहिल्यांदा दोरीची रेष दिसते. ती मुठीच्या मधून जाते का बघा. बाजूला पडत असेल तर जाड ठेवलेली टोकं आता कामाला येतात. पातं पिळत असेल तर ज्या कडेकडे दोरी ओढली जाते तिच्या विरुद्ध कडेचं पोट थोडं खरवडा, कारण ती कड जास्त ताठ आहे.

पुढे एकेक इंच. फट वाढवत सहा इंचांवर आणा. जुनं माप म्हणजे मुठीवर हाताची मूठ ठेवून अंगठा उभा करा, दोरी अंगठ्याच्या टोकाला लागली पाहिजे. या टप्प्यावर वरच्या पात्याच्या उतारापासून दोरीपर्यंतचं अंतर खालच्यापेक्षा एक-दीड सूत जास्त हवं, म्हणजे खालचं पातं किंचित ताठ. बाण मुठीच्या वरून सुटतो आणि बोटं मध्याच्या वर ओढतात, त्यामुळे ओढल्यावर दोन्ही बरोबरीत येतात. कोणतं पातं वरचं हे आत्ताच ठरवून पोटावर खूण करा.

ताण दर इंचाला साधारण दीड-दोन पौंडांनी वाढतो. शेवटच्या इंचांत तो एकदम तीन-चार पौंडांनी उडी मारू लागली तर नुसती टोकं वाकताहेत आणि मुठीजवळचा भाग झोपून आहे. तो मोकळा करा.

२४ इंचांवर ३५ पौंड आले की थांबा. घासकामात दोन-तीन पौंड जातात, आणि शंभरेक बाण मारल्यावर कामठा आणखी थोडा बसतो. त्यातून २६ इंचांवर ३५ आपोआप साधतं. इथे हावरटपणा केला तर ३० चा कामठा हातात येतो.

बिघाड कसे ओळखायचे

एखाद्या जागी बिजागरीसारखा बाक पडला असेल तर त्या जागेला विसरून बाकीचं सगळं पातं तिच्या बरोबरीला आणा, मग दुसरं पातंही. ताण कमी होईल, पण कामठा वाचेल. पोटावर आडव्या केसासारख्या सुरकुत्या दिसल्या तर तिथलं लाकूड दाबाने चेचलं गेलं आहे. या सुरकुत्या नखाला लागतात, पण तिरप्या उजेडातच दिसतात, म्हणून बॅटरी पोटालगत आडवी धरून बघा. शेजारचं लाकूड उतरवून ताण पसरवा. सुरकुत्या रुंदीभर गेल्या असतील तर त्या कामठ्यावर भरवसा ठेवू नका.

पाठीवर बारीक चिंधी उठली तर लगेच थांबा. फेव्हिक्विकचा पातळ थेंब आत उतरवा, वरून दोऱ्याने आवळून बांधा आणि त्या भागावर सुती कापड किंवा कच्चं कातडं गोंदाने चिकटवा. चिंधीच्या जागी मोठी फट असेल तर चिकटवणं म्हणजे स्वतःची फसवणूक. वाळताना पडलेली लांबट चीर मात्र रेषांना समांतर असेल आणि कडेबाहेर जात नसेल तर घाबरायचं कारण नाही, ती गोंदाने भरून पुढे जा.

दोरी उतरवल्यावर कामठा किती वाकलेला राहतो ते दर वेळी मोजा. इंच-सव्वा इंचापर्यंत ठीक. दोन इंचांच्या वर गेला तर लाकूड ओलं होतं किंवा घाईत जास्त ओढलं गेलं.

दोरी

अंबाडी, ताग, घायपात या धाग्यांच्या दोऱ्या पूर्वापार चालत आल्या आहेत, पण त्या वळायला मुरलेला हात लागतो आणि एक धागा कुजला की दोरी तुटते. दोरी तुटली की कामठाही तुटू शकतो. रोजच्या वापराला तिरंदाजीच्या सामानात मिळणारा बी-५० डॅक्रॉन घ्या. ३५ पौंडांना १२ धागे. मासेमारीचा नायलॉन फार ताणतो. उलट अजिबात न ताणणारे आधुनिक धागे साध्या खाचांना धक्का देऊन त्या चिरतात.

धागे ८६ इंचांचे कापा, सहा-सहाचे दोन पदर करा, दोन्हींना मेण चोळा. वरच्या टोकाला फास वळताना प्रत्येक पदराला उजवीकडे पीळ द्यायचा आणि दोन पदर एकमेकांवर डावीकडे टाकायचे. दोन उलट पीळ एकमेकांना धरून ठेवतात. तयार दोरी ६३ इंच. खालच्या टोकाला फासाऐवजी दोरी खाचेभोवती घेऊन स्वतःवरच तीन वेळा गुंडाळलेली गाठ मारा, म्हणजे लांबी कमी-जास्त करता येते. मधल्या सहा इंचांवर दोरा घट्ट गुंडाळा. बाण लावायची खूण काटकोनापेक्षा तीन सूत वर.

शेवटचा हात

पोट आणि कडा ८०, १२०, २२० नंबरच्या पॉलिशपेपरने लांबीच्या दिशेने घासा. पाठीवर चिकटलेला फेव्हिकॉल कोमट पाण्याच्या ओल्या फडक्याने मऊ करून काढा, पात्याने तासू नका. मग एक दिवस वाळू द्या. पाठीच्या दोन्ही कडा बोटाने जाणवतील एवढ्या गोल करा, कारण चिंधी नेहमी धारदार कडेवरून उठते. टोकं आता ४ सुतांवर आणा. टोकं जितकी हलकी, बाण तितका वेगात जातो.

जवसाच्या तेलाचे तीन हात, प्रत्येकानंतर दोन-तीन दिवस. तेलात भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेटतात. दोरीवर पसरून वाळवा. तेल दिसायला छान, पण हवेतली ओल ते अडवत नाही. आपल्याकडच्या पावसाळ्यासाठी तेल पूर्ण वाळल्यावर चपडी लाखेचे स्पिरिटमधले तीन-चार पातळ हात द्या आणि वरून मेण.

वापरताना बाण न लावता दोरी कधीही सोडू नका. बाणात जाणारी सगळी शक्ती तेव्हा पात्यांत उलटी फिरते. बाणही फार हलका नको: पौंडामागे दहा ग्रेन, म्हणजे या कामठ्याला ३५० ग्रेन, सुमारे २३ ग्रॅम. निशाणामागे मातीचा बांध किंवा पेंढ्यांची जाड रास हवी. शिकारीचा विचारही नको, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने ती बंद आहे.

दोरी चढवून ठेवायची नाही, कोपऱ्यात टेकवून उभाही करायचा नाही. आतल्या कोरड्या भिंतीवर दोन खुंट्यांवर आडवा. पावसाळ्यात फार ओढू नका. खंडेनवमीला पूजेसाठी काढाल तेव्हा काट्यावर लावून बघा. ३५ चा ३१-३२ दाखवत असेल तर ती आत शिरलेली ओल आहे. घाबरून लगेच काही करायला जाऊ नका, दिवाळीपर्यंत तसाच आडवा राहू द्या आणि मग पुन्हा तोला.